मधल्या खोलीचं दार

नाशिकरोड
६ मार्च १९८३, रविवार

सगुणा, जयभीम.

तुला हवा होता तोच मोतिया रंग आणलाय. झालं समाधान?

सासूचं पत्र बघून घाबरू नकोस. भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर सिन्नरला जायला गाड्या काय कमी आहेत, येऊन तुझ्या बापाच्या ओट्यावर बसून भांडले असते. पण मला एक गोष्ट कळत नाही गं. दारांवरून कुणी नवऱ्याचं घर सोडतं का? त्या संध्याकाळी तू म्हणालीस, दारं काळीठिक्कर पडलीत, घर अंधारं दिसतं, फिकट रंग देऊ. मी म्हणाले, मी जिवंत आहे तोवर ह्यांच्या दारांना रंग लागायचा नाही. एवढंच तर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बालवाडीला निघाले तेव्हा तू म्हणालीस, 'आत्या, मला या घरात गुदमरतं.' मला वाटलं, कालचा फणकारा अजून आहे. दुपारी येऊन बघते तर तू सिन्नरला पोचलेलीस.

बरं, तुला माहीत नसेल म्हणून सांगते, ती दारं ह्यांनी कशी आणली. देवळाली कॅम्पात एका साहेबाचा बंगला पाडत होते. त्याची जुनी सागवानी दारं ह्यांनी बैलगाडीत घालून आणली, स्वतः व्हार्निश दिलं, फडक्यानं, एकावर एक हात. आपल्या आळीत तेव्हा सगळ्यांच्या दारांना पत्रे होते. लोक दार बघायला यायचे. त्यावर रंग द्यायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. पण देणार आहे.

कारण तुझ्या वडलांचा निरोप आला. रावजीभाऊंनी कळवलंय की जयंती झाली की तिथल्या विहारात बैठक बसवू, चार मंडळींसमोर सोडचिठ्ठी करू. मी तो निरोप ऐकला आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. बालवाडीतली पोरं गाणं म्हणतात आणि मी दारात उभी राहून रस्ता बघते. सोडचिठ्ठी! तोंडाला येईल ते बोलायचं का?

तू ये. रंग सुकायच्या आत ये, म्हणजे कुठं कमी-जास्त झालं तर तूच सांगशील.

तुझी आत्या,
धोंडाबाई

नाशिकरोड
१३ मार्च १९८३

सगुणा,

हसायचं असेल तर हस. पुढचं दार रंगवलं आणि ते सुकतच नाही.

सोमवारी रंगवलं. आज रविवार. बोट लावलं की बोट चिकटतं. माशी बसली ती तिथंच मेली. परवा शेजारची अक्काबाई नेहमीसारखी दाराला पाठ टेकून गप्पा मारायला बसली, आणि उठायला गेली तर लुगडं दाराला! मला म्हणते, 'धोंडे, रंग लावलास का गूळ?' मी तिला चहा पाजला तेव्हा कुठं तोंड बंद झालं.

मग चिमाजीला बोलावलं. तोच गं, दुकानांच्या पाट्या रंगवतो तो, बोलायला लागला की थांबत नाही. त्यानं दाराला नखानं ओरखडा काढला, वास घेतला आणि माझ्याकडे असा बघायला लागला की मी जणू कुणाचा खून केलाय. 'वहिनी, याला तुम्ही काय लावत होता?' म्हटलं, काय लावणार, दरवर्षी जयंतीच्या आधी गोडं तेल आणि थोडं रॉकेल, फडक्यानं चोळायचं. दारं कशी आरशासारखी चमकतात. तर डोक्याला हात लावून खालीच बसला. म्हणतो, 'इतकी वर्षं दाराला तेल पाजलंत, आता ते रंग पिईल कसं? हा जन्मात सुकायचा नाही.'

आपल्या आळीत सगळ्याच बाया तेल चोळतात. जयंतीला घर उजळलेलं दिसावं म्हणून. कुणाला ठाऊक होतं! आता म्हणे सगळं खरवडायचं. रंग, व्हार्निश, तेल, सगळं, पार लाकूड उघडं पडेपर्यंत. मग अस्तर, मग लांबी भरून भेगा बुजवायच्या, मग काचपेपर, आणि मग रंग. माझं डोकंच फिरलं. पण हात नुसते बसत नाहीत हे तुला माहीत आहे. सुरुवात केली.

मल्हारी बरा आहे. तुझी आठवण काढतो.

हे शेवटचं खोटं लिहिलं. काढत नाही. मी म्हटलं, 'जाऊन घेऊन ये तिला,' तर म्हणाला, 'येईल आपली आपण. जाईल कुठं?' एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात रात्रपाळी करून सकाळी येतो, जेवतो, झोपतो. पुरुषांना मनातलं बोलता येत नाही, तू मनावर घेऊ नकोस. ह्यांचंही तसंच होतं.

उत्तर पाठव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

आत्या

नाशिकरोड
२७ मार्च १९८३

सगुणा,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी! 'रंगासाठी मी गेले नाही. तुम्ही त्रास घेऊ नका.' अगं, कार्डावर अजून केवढी जागा होती, पोस्टानं काय कोरी जागा परत घेतली असती का? रंगासाठी नाही तर कशासाठी? मी वाईट आहे? सांग ना. मी फटकळ आहे हे सगळी आळी जाणते. पण तुला कधी उपाशी ठेवलं नाही, कामावरून टोचलं नाही, मूल होत नाही म्हणून एक अक्षर बोलले नाही. तुला आठवतं, ताप आला होता तेव्हा तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचीस. मला मुलगी नाही, सगुणा. तू आल्यापासून मला कुणी विचारलं तर मी सांगते, आहे म्हणून.

जाऊ दे. काम सांगते. धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून दारावर ओतायचा, थोडं मऊ झालं की फुटक्या काचेच्या तुकड्यानं ओढायचं. लाकडाच्या रेघेनं ओढायचं, आडवं नाही. व्हार्निशचे काळे पापुद्रे निघतात आणि खालून असं गोरंपान लाकूड येतं की वाटतं, हे कुठं होतं इतके दिवस. माझ्या हातांची मात्र सालं निघालीत. वरणात काचपेपरची धूळ, अंथरुणात धूळ, डोळे चुरचुरतात. बालवाडीतली पोरं विचारतात, 'बाई, तुमचे केस पिवळे कसे?'

पुढचं दार झालं. स्वयंपाकघराचं झालं. मागचं अर्धं. मधल्या खोलीचं, म्हणजे तुमच्या खोलीचं, ते मल्हारी करणार आहे. आपणहून म्हणाला! 'त्या दाराला तू हात लावू नको, मी करतो.' मी तर बघतच राहिले. घरातली काडी इकडची तिकडे न करणारा माणूस. बघ, मनात असतं त्याच्या. तुझ्या खोलीचं दार त्याला स्वतः करायचंय.

हे वाचून तरी पाझर फुटू दे. ये.

आत्या

नाशिकरोड
१० एप्रिल १९८३

सगुणा,

कबूल करते, तुझं खरं होतं. मोतिया रंगानं घर दुप्पट मोठं दिसतं. अक्काबाईनं तीन वेळा आत-बाहेर केलं. ह्यांची दारं गेली म्हणून मी एक दिवस रडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात ती दारं बघून मलाच बरं वाटलं. आता ह्यांना काय सांगू ते माझं मी बघून घेईन.

गोटीरामभाऊजी येऊन गेले, मल्हारीचे चुलते. बैठकीला आपल्या बाजूनं तेच बोलणार आहेत. सगळी दारं फिरून बघितली आणि खूश झाले. म्हणाले, 'वहिनी, आता काळजीच सोडा. पोरगी दारांच्या रंगावरून रुसून गेली, हे तुम्ही चारचौघांत सांगा. सासूनं स्वतःच्या हातानं घर रंगवलं हेही सांगा. कोणताही पंच म्हणेल, बाई, तुझ्या मनासारखं झालं, आता मुकाट्यानं नांदायला जा.' म्हणजे २४ तारखेला, रविवारी, तुला आमच्याबरोबरच पाठवतील. ऐकून मला हायसं वाटलं. तुलाही वाटलं असेल.

फक्त मधल्या खोलीचं दार तसंच काळं राहिलंय. मल्हारी आज करतो, उद्या करतो म्हणतो. परवा मी म्हटलं, 'जयंती सहा दिवसांवर आली, मी खरवडून ठेवते, तू नुसता रंग मार.' तर ताटावरून उठला. म्हणाला, 'सांगितलं ना हात लावायचा नाही? खरवडायची काही गरज नाही त्याला. वरून रंग मारला की झालं.' अगं, पण वरून मारलेला सुकत नाही, हे त्यानं पुढच्या दाराला बघितलंय की! इतकं चिडण्यासारखं काय बोलले मी? जागरणानं होतं. पाळीचं काम माणसाला कडू करतं.

मला मात्र चैन नाही. घरात तीन दारं उजळ आणि एकच काळं. जाता-येता नजर तिथंच जाते. बसले की उठावंसं वाटतं, उठले की काय करायला उठले ते आठवत नाही.

मंगळवारी बालवाडीला सुट्टी आहे आणि मल्हारीची दिवसपाळी. करूनच टाकते. चिडला तर चिडू दे, तू आल्यावर तरी नीट दिसेल.

आत्या

नाशिकरोड
१२ एप्रिल, मंगळवार

सगुणा,

हात सोड्यानं सोलवटलेत, अक्षर लागलं नाही तर पुन्हा पुन्हा वाच.

मधलं दार खरवडलं. आतल्या बाजूनं सुरुवात केली. सोडा ओतला, काच ओढली, तर कडीच्या खाली व्हार्निशबरोबर भुसाच निघायला लागला. लाकडाचा भुसा आणि डिंक. कुणीतरी भोकं बुजवली होती आणि वरून व्हार्निश ओढलं होतं. मी खिळ्यानं टोकरलं. स्क्रूची भोकं. साधी नाहीत गं, फाटलेली. कडी स्क्रूसकट उपटून निघते ना, तशी. लाकडाचा कपचा आतल्या बाजूला गेलेला. म्हणजे दार आतून लावलेलं आणि बाहेरून कुणीतरी खांदा मारलेला.

मल्हारी मला म्हणाला होता, पावसानं दार फुगतं, कडी बसत नाही, म्हणून वर घेतली. मी विश्वास ठेवला. कडी वर घेतली म्हणून खाली जुनी भोकं असणारच, असं मी मनाला समजावलं आणि आणखी खरवडलं. त्या भोकांच्याही खाली दुसरी निघाली. तशीच फाटलेली. तशीच बुजवलेली. आताची कडी धरून तीनदा, सगुणा? तीनदा तू कडी लावलीस?

आणि दाराच्या तळाशी, आतल्या अंगाला, एक आडवी घळ. लाकूड चेपलेलं. मला आधी कळेना. मग तुझी लग्नातली पत्र्याची पेटी ओढून बघितली. तिचा काठ बरोबर तिथं बसतो. तू पेटी दाराला लावायचीस.

मी तशीच अक्काबाईकडं गेले, ओल्या हातानं. तिची भिंत आपल्या भिंतीला लागून. विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. 'तू बालवाडीत जायचीस, तो पाळीवरनं यायचा. मग आवाज यायचा. लय आवाज. पोरगी वरडायची नाय, दारच वरडायचं.' मी म्हटलं, 'मला का नाही सांगितलंस?' तर म्हणते, 'मला वाटलं तुला ठावं हाय. लेक तुझा, घर तुझं.'

माझ्या घरात दार फुटत होतं आणि मी त्याला तेल चोळून चमकवत होते. तू शेजारी उभी राहून मला फडकं पिळून द्यायचीस. कसं गं दिलंस? माझ्या तोंडावर का नाही मारलंस ते फडकं?

आज पुढं लिहवत नाही.

नाशिकरोड
२० एप्रिल १९८३

सगुणा,

हे पत्र रविवारच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून पोस्ट उघडायच्या आधीपासून दारात उभी राहणार आहे.

मल्हारीला विचारलं. जयंतीच्या मिरवणुकीत तो निळा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं नाचत होता. मी घरी बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परत आला तेव्हा दाराकडं बोट केलं. आधी म्हणाला, जुनी भोकं आहेत, बंगल्यातली. मी पेटी ओढून दाखवली. तेव्हा म्हणाला, 'नवरा-बायकोत होतं तसं. दार लावून बसायची. मी दमून घरी यायचं आणि हिनं कडी लावायची? बाबांनी तुझ्यावर कधी हात उचलला नाही काय?'

मी म्हटलं, 'उचलला असता तरी तुला हेच विचारलं असतं.'

मग रडला. पाय धरले. मोठा झाल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. आईचं काळीज आहे, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, माझा हात त्याच्या डोक्याकडं गेला. केस कुरवाळले मी. आणि तो पायाशी असतानाच म्हणाला, 'आई, बैठकीत मात्र रंगाचंच सांग. ती आली की मी नीट वागेन. रविवारच्या आत दाराला लांबी भरून रंग मारतो, कुणाला काही दिसायचं नाही.' माझा हात तसाच निघून आला. त्याला पहिली काळजी भोकांची होती.

दुसऱ्या दिवशी तो लांबीचा डबा घेऊन आला. गोटीरामभाऊजीही आले. दोघं मिळून मला समजावत होते. भाऊजी म्हणाले, 'वहिनी, घरातलं घरात राहू द्या. समाजात तोंड दाखवायचंय. एकुलता एक लेक आहे, म्हातारपणी पाणी कोण देईल?' मी चहा ठेवला, दोघांना दिला, आणि म्हटलं, बघू. सगुणा, त्यांचं सगळं माझ्या एका वाक्यावर उभं आहे. मी म्हटलं 'रंगावरून गेली', की तुला पाठवतील. आळीत, बालवाडीत, सिन्नरपर्यंत मीच हे सांगत सुटले होते. सासूनं दारं रंगवली, आता पोरगी येणार! माझ्याच हातानं रंगवलेल्या घरात ते तुला घालायला निघालेत.

तो पाळीवर गेल्यावर चिमाजीला बोलावलं. बिजागऱ्या काढून दार उतरवलं. त्यानंही भोकं बघितली. मग घामाघूम होऊन दार खांद्यावर घेतलं आणि अक्काबाईच्या घरात नेऊन ठेवलं. अक्काबाईनं आपली खाट बाहेर काढून त्याला जागा केली. मल्हारीनं येऊन बघितलं, मधल्या खोलीला दारच नाही. मला म्हणाला, 'तू माझी आई आहेस का तिची?'

मी उठले. त्याचं अंथरूण आणि कपडे बांधून ओट्यावर ठेवले. एकलहऱ्याला त्याच्या दोस्ताची खोली आहे, तिथं गेला. जाताना ओरडला की मी मेलो असं समज. मी ते समजू शकत नाही, समजणारही नाही. तो जेवला असेल का, हे आत्ता लिहितानाही डोक्यात आहे. पण रविवारी बोलणार आहे.

रविवारी पहिल्या गाडीनं निघते. चिमाजीनं स्टँडवर कंडक्टरला विचारून ठेवलंय. 'दार कशाला नेताय बाई, सिन्नरला सुतार नाहीत काय?' म्हणून तो हसला म्हणे. टपावर बांधून देतो म्हणालाय. अक्काबाई बरोबर येते. जे ऐकलं ते सांगेन म्हणते. सांगेल का ऐन वेळी कच खाईल, देव जाणे, पण दार तर कच खाणार नाही ना. विहारात मधोमध आडवं ठेवायचं आणि पंचांना म्हणायचं, या, बोट घालून बघा. तुझ्या वडलांना सांग, दोन माणसं स्टँडवर पाठवा, सागवान आहे, जड आहे.

तुला काही बोलावं लागणार नाही. मान खाली घालून बसू नकोस एवढंच. त्या मंडळींतलं कुणी म्हणालं की झालं गेलं विसर, सासू चांगली आहे, तिच्याकडं बघून जा, तर माझ्याकडं बघू नकोस. मला बघवायचं नाही. घर आता खूप छान दिसतं गं. सकाळी ऊन थेट चुलीपर्यंत येतं. तू ते बघावंस असं फार वाटतं. दीड महिना मी तुला ये, ये म्हणून लिहिते आहे.

येऊ नकोस. दार घेऊन मीच येते.

धोंडाबाई